स्टॅपेलिया, लुसिलिया आणि आईची सुकट

आमच्या घरी सुकट भाजली की अख्ख्या बिल्डिंगला कळायचं, हे मी आधीच कबूल करून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःच्या घराची बाजू घेतली. रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर लोखंडी तवा, तव्यावर दोन मुठी सुकट, आणि आई नाकाला पदर न लावता, उलट नाक पुढे करून, नुसत्या वासावरून ठरवायची की आता उतरवायची. मग कांदा, ठेचलेला लसूण, लाल तिखट, दोन आमसुलं. सोबत तांदळाची भाकरी. बाबा अंबरनाथमधल्याच एका कारखान्यात फिटर होते. भोंगा वाजला की वीस मिनिटांत जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना जेवणात काय आहे ते कळलेलं असायचं. दारातच विचारायचे, आज कुठला सण आहे गं? आता माझ्या स्वयंपाकघरात चिमणी आहे. ती सगळा वास ओढून बाहेर टाकते, आणि माझं ठाम मत आहे की त्याबरोबर अर्धी चवही जाते. पण मुलगा म्हणतो, आई, तुझं काहीतरीच.

ही सुकट बारा महिने पुरायची, कारण आई तिची बेगमी मे महिन्यातच करायची. बदलापूर गावच्या बाजारातून सुकट, जवळा आणि बोंबील घेऊन यायची आणि बिल्डिंगच्या गच्चीवर जुन्या साडीवर पसरून दोन-तीन उन्हं द्यायची. राखण माझी. हातात काठीला बांधलेली चिंधी, डोक्यावर ओला टॉवेल, आणि समोर माश्या. त्या काठीच्या जोरावर मी माश्यांची पदवीधर झाले. साधी करडी माशी वेंधळी असते, कुठेही बसते, साखरेवर आणि शेणावर तिला सारखंच. पण हिरवी चकचकीत माशी वेगळी. ती भिरभिरत बसत नाही, थेट येते. नीट न वाळलेला एखादा बोंबील शंभरांत दडलेला असला तरी ती बरोबर त्याच्यावर उतरायची. मग आई तो बोंबील उचलून बाजूला टाकायची. तिचं म्हणणं, ही माशी कधी चुकत नाही.

बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं होती, त्यांतली अकरा मालकीची आणि एक आमचं, भाड्याचं. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत आणि चांगली आहेत. सगळे त्यांना सेक्रेटरीकाका म्हणायचे. माणूस टापटिपीचा, पायजम्याला इस्त्री, आणि अक्षर मोत्याचे दाणे. जिन्याखाली एक काळा फळा होता, त्यावर ते रोज सूचना लिहायचे. बारवी धरणाचं पाणी एक दिवसाआड यायचं, ते सकाळी किती वाजता येणार, कुणाचा पाइप गळतो, सायकली कुठे लावायच्या. एके दिवशी त्यांनी लिहिलं, ‘काही बिऱ्हाडांतून उग्र वास येतो. संबंधितांनी दखल घ्यावी.’

बिल्डिंगमध्ये आणखी चार घरांत मासे शिजायचे. तळमजल्यावर तर दर बुधवारी पापलेट तळलं जायचं. पण पापलेटचा वास उग्र नसतो, तो श्रीमंत असतो. शिवाय आमच्या घरात दर रविवारी सकाळी बुद्धवंदना मोठ्याने व्हायची, बाबा मला समोर बसवून पंचशील म्हणायला लावायचे, आणि आमच्याबद्दल आणखी काय काय उग्र वाटत होतं ते फळ्यावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा संबंधित कोण, हे बाराही बिऱ्हाडांना न सांगता समजलं. बाबांनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. संध्याकाळी आल्या आल्या म्हणाले, काय संबंधित, चहा टाकता का? आईने चहा टाकला, पण हसली नाही.

मग गच्चीला कुलूप लागलं. आणि भाद्रपदात एक दिवस फळ्यावर मीटिंगची सूचना आली, विषय तीन: पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, उग्र वास व भाडेकरू. आमच्या जागेचे मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ होते, फर्निचरचं दुकान होतं त्यांचं. बाबा त्यांना भेटून आले. शेठ म्हणाले, मला मच्छीचं काय, मी स्वतः पल्ला मासा खाणारा माणूस, पण सोसायटीने ठराव केला तर मी एकटा काय करू, रूम खाली करून घ्यावी लागेल. त्या दिवशी आईने सुकट-बोंबलांचा डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, सुतळीने करकचून बांधला आणि फळीवर सगळ्यात मागे सारला. नंतर आमच्याकडे दुधी, मूगडाळ, दुधी. दारात सण विचारणं बाबांनी बंद केलं. आणि मी पाहिलं, की पाणी भरायला खाली उतरण्याआधी आई दाराआड थांबून स्वतःच्याच पदराचा वास घेते. मला इतका संताप आला की हातातली बादली मी मुद्दाम आपटली. ती बिचारी म्हणाली, पोचा पडेल गं.

आता कॉलेजचं सांगते, कारण सगळा उपद्व्याप तिथूनच आला. मी अकरावी सायन्सला उल्हासनगरच्या कॉलेजात होते. बायोलॉजीच्या मॅडम सिंधी, गोऱ्यापान, बोलायला लागल्या की एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही यायचं. त्यांनी बिस्किटांचे दोन रिकामे डबे टेबलावर ठेवले. एकात झाडांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात प्राण्यांच्या. प्रत्येकाने दोन्हींतून एकेक उचलायची आणि त्या दोघांची तुलना वहीत लिहायची, साम्य काय नि फरक काय. माझ्या मैत्रिणीला आंबा आणि पोपट मिळाले. तिने अर्ध्या तासात काम संपवलं. माझ्या चिठ्ठ्यांवर होतं स्टॅपेलिया आणि लुसिलिया. मला वाटलं, ह्या वसईकडच्या कुणी दोघी बहिणी असतील. मॅडम हसल्या आणि मला लॅबच्या मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे सात-आठ कुंड्यांत बोटाएवढ्या जाड, चौकोनी, मऊ लव असलेल्या फांद्या उभ्या होत्या. पान एक नाही. निवडुंगासारखं दिसतं पण निवडुंग नव्हे, पाणी अंगातच साठवतं. ती स्टॅपेलिया. आणि लुसिलिया म्हणजे माझी गच्चीवरची जुनी ओळख, हिरवी माशी. ह्या दोघींचा काय संबंध, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “फूल आने दे बेटा, मग नाकाला विचार.”

त्यांनी कळी धरलेली एक कुंडी मला घरी न्यायला दिली आणि बाकीचं समजावलं. ह्या झाडाचं फूल ताटलीएवढं, पाच टोकांची चांदणी, पिवळट, त्यावर तांबड्या रेघा. दिसायला असं देखणं, की बघतच राहावं. आणि वास मेलेल्या उंदराचा. हिरव्या माशीला वाटतं मांस कुजलंय, ती येते, फुलाच्या मधोमध अंडी घालते, आणि तेवढ्यात झाडाचं परागांचं काम होऊन जातं. मी कुंडी छातीशी धरून घरी आले. जिन्यात सेक्रेटरीकाका भेटले.

त्यांना झाडांचा नाद होता. गॅलरीत गुलाब, शेवंती, जास्वंद, पण पाणी एक दिवसाआड, त्यामुळे सगळी माना टाकलेली. माझ्या हातातली कुंडी पाहून ते थांबले. आधी कधी थांबले नव्हते. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, परदेशी आहे काका. पाणी जवळजवळ लागतच नाही. फूल ताटलीएवढं येतं, चांदणीसारखं. ह्या भागात कुणाकडेच नसेल. त्यांनी कळीला बोट लावलं. कळी तेव्हा लिंबाएवढी होती. तुला काय करायचीय एवढी कुंडी, तुमच्याकडे गॅलरीला ऊन कुठे येतं, असं काहीतरी ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीसेक वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी कुंडी भोळेपणाने दिली. आज लिहून टाकते. भोळेपणा बिळेपणा काही नव्हता. लॅबमधल्या कळ्या किती दिवसांत उमलतात ते मी मॅडमना विचारून घेतलेलं होतं, मीटिंग कोणत्या रविवारी आहे ते फळ्यावर होतं आणि मीटिंग नेहमी त्यांच्याच हॉलमध्ये व्हायची. एक फांदी मोडून मी घरात ठेवली आणि कुंडी वर नेऊन दिली. पंचशीलात खोटं बोलायचं नाही असं आहे, आणि मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. ह्या गोष्टीचा मला भलताच अभिमान वाटत होता.

दोन दिवसांनी जिन्यात सेक्रेटरीकाका तळमजल्यावाल्यांना सांगत होते, की पुण्याच्या नर्सरीतून एक दुर्मीळ रोप खास मागवलंय, फूल आलं की बघायला या. मी खाली मान घालून पुढे गेले. मान खाली नसती तर हसू दिसलं असतं.

फूल शनिवारी दुपारी उमललं. मला ते दिसलं नाही, वासावरून कळलं. मी वही काढून वेळ लिहिली, अगदी शास्त्रशुद्ध. आणि तासाभरात आमचं दार वाजलं. सेक्रेटरीकाका नाकाला रुमाल लावून उभे होते. माझ्या गणितात एवढंच राहून गेलं होतं, की वास आला की माणूस आधी आमचंच दार ठोठावणार. वास नाकाला येतो, पण तो कुणाचा हे डोकं आधीच ठरवून बसलेलं असतं.

ते म्हणाले, उद्या मीटिंग असताना आजच हे करायचं म्हणजे कमाल झाली. आई म्हणाली, आमच्याकडे सुकट केलेली नाही, अकरा दिवस झाले. त्यांचा विश्वास बसला नाही. मग आई आत गेली आणि फळीवरचा एकेक डबा काढून त्यांच्यापुढे उघडत गेली. तांदूळ, डाळ, साखर, पोहे. त्यांनी खरोखरच प्रत्येक डब्यात पाहिलं. शेवटी तिने मागचा डबा ओढला आणि म्हणाली, “ही गाठ बघा. मी मारलेली आहे, अकरा दिवसांपूर्वी.” ते म्हणाले, वास तर येतोच आहे, आणि निघून गेले. मी हातात वही घेऊन उभी होते. बोलावं की नाही? बोलले तर कुंडी मी दिली हे कळणार आणि रूम नक्की जाणार. गप्प राहिले तर आई खोटी ठरणार. मी गप्प राहिले. आई डबे परत जागेवर लावत होती आणि झाकणं नीट बसत नव्हती.

रविवारी दहा वाजता तिसऱ्या मजल्यावर सगळी बिऱ्हाडं जमली. पुरुष खुर्च्यांवर, बायका दाराशी सतरंजीवर. शेठही मालक म्हणून उल्हासनगरहून आले होते, पांढरा सफारी घालून. चांदणी गॅलरीच्या उंबऱ्यापाशी, सगळ्यांना दिसेल अशी स्टुलावर ठेवलेली. येणारा प्रत्येक जण वा वा म्हणायचा आणि लगेच नाकाला हात लावायचा. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, पण कुणाचं लक्ष लागेना. तळमजल्यावाले म्हणाले, उंदीर मेला असणार. दोघांनी दिवाण उचलला. त्याखाली एक चप्पल आणि टॉर्चचा सेल निघाला. कपाट सरकवलं, माळा बघितला. उंदीर नाही. सेक्रेटरीकाका घामाघूम होऊन म्हणाले, वास खालून येतोय, मोरीच्या पाइपातून, मी सहा महिने हेच सांगतोय, तेव्हा आता तिसरा विषय आधी घेऊ. बाबा उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरात बारा दिवस सुकट शिजलेली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, कापडात मुरतो हो वास. बाबा खाली बसले. आता उठावंच लागणार, असं मी ठरवलं आणि सतरंजीचे दोरे उपसत बसून राहिले.

तेवढ्यात जिन्यातून एक हिरवी माशी आली. माझ्याआधी आईने तिला पाहिलं. एवढ्या माणसांत त्या दोघींनाच आपलं काम माहीत होतं. माशी आईच्या डोक्यावरून गेली, खुर्च्यांवरून गेली, बाबांजवळ थांबली नाही, आणि थेट चांदणीच्या मधोमध उतरली. मागून दुसरी आली, तीही तिथेच. आई उठली. ती कधी मीटिंगमध्ये बोलली नव्हती. पदर खोचून ती खुर्च्यांमधून वाट काढत गेली, फुलाशी वाकली, आणि म्हणाली, “भाऊ, माशी आमच्या दारावरून वर आली, पण आमच्याकडे थांबली नाही. वास ह्या फुलाचा आहे. ही बघा, अंडी घातलीत.”

सेक्रेटरीकाका म्हणाले, फुलाला असा वास कसा असेल. पण ते वाकले, आणि ताठ झाले ते एकदम. मग सगळी बिल्डिंग रांगेने आली. प्रत्येक जण वास घ्यायचा, मागे उडायचा आणि पुढच्याला आग्रहाने बोलवायचा, तूही घे. शेठनी वास घेतला, सफारीचा खिसा चाचपला, रुमाल काढला आणि गंभीरपणे विचारलं, “साईं, पूना से मुर्दा मंगवाया क्या आपने?”

हॉल हसून हसून लोळला. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. एकटे सेक्रेटरीकाका हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मला कळलं की त्यांना कळलंय. एका वाक्यात ते मला उभी फाडू शकले असते, की ही कुंडी ह्या पोरीने दिली. पण पुण्याच्या नर्सरीची गोष्ट ते बाराही बिऱ्हाडांना सांगून बसले होते. ते म्हणाले, नर्सरीवाल्याने फसवलं. तिसरा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

घरी येऊन आईने सुतळीची गाठ सोडली. दार उघडं, खिडक्या उघड्या, आणि तव्यावर सुकट. मी ताट घेऊन बसले. आईने बाबांना वाढलं, स्वतःला घेतलं, आणि माझ्या ताटात कालचा दुधी घातला. कुंडी कुठून आली ते तिने आपणहून ओळखलं होतं, घरात ठेवलेली फांदी ती रोज पाहत होती. मी म्हणाले, आई, मी त्यांच्याशी एक शब्द खोटा बोलले नाही. तिने भाकरी मोडली.

“खोटं बोलली नाहीस,” ती म्हणाली. “पण काल मी त्यांच्यापुढे डबे उघडत होते, तेव्हा तू बघत उभी होतीस.”

मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आईने मला थोडा वेळ रडू दिलं. मग उठली, डब्यातून बोंबलाचं एक डोकं काढलं आणि मला घेऊन गच्चीच्या दाराशी गेली. सेक्रेटरीकाकांनी कुंडी तिथे आणून टाकली होती. आईने ते डोकं फुलाच्या मधोमध, अंड्यांशेजारी ठेवलं. मी विचारलं, माश्यांना आपण हाकलतो ना? ती म्हणाली, हाकलायचंच, पण हिने आज आपल्या बाजूने साक्ष दिली, आणि पोरं घातली ती अशा ठिकाणी की खायला काही नाही. सुकलेलं डोकं अळ्यांना कितपत चालतं, मला ठाऊक नाही.

वहीत मी साम्य एकच लिहिलं, की दोघींना पाहून लोक नाक मुरडतात. आणि फरक लिहिला, की स्टॅपेलिया फसवते, लुसिलिया फसते पण फसवत नाही. मॅडमनी खाली लाल शाईने शेरा मारला, ये साइन्स नहीं है, लेकिन सही है. दहापैकी सहा दिले. आणि त्याच आठवड्यात फळ्यावर मोत्यांच्या अक्षरात सूचना आली, ‘गच्चीचे कुलूप काढण्यात आले आहे. संबंधितांनी दखल घ्यावी.’ आईने ती दोनदा वाचली. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिनेच विचारलं, काय हो, संबंधितांनी आज चहा टाकायचा का भाकऱ्या थापायच्या? आणि हसली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कुळगावात सात मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये राहते, आणि निवृत्त माणूस मोकळाच असतो असं सगळ्यांना वाटत असल्यामुळे सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. त्या मोडलेल्या फांदीची आता चार कुंड्यांत वस्ती झालीय. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर बारवीकडच्या पाड्यावरचं एक जोडपं भाड्याने आलं. बाई खिडकीच्या ग्रिलला कापड बांधून जवळा नि बोंबील वाळवते. मला वर पाचव्या मजल्यापर्यंत वास येतो आणि मी चहा घेत घेत खिडकीशी बसते. परवा ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा मेसेज आला, काही फ्लॅट्समधून उग्र वास येतो, सेक्रेटरीने संबंधितांना समज द्यावी. अक्षरं छापील होती, पण हात मला ओळखीचा वाटला.

मी एक कुंडी निवडली, चांगली लिंबाएवढी कळी असलेली, आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. बाई खूश झाल्या. ह्या वेळी मी काहीच लपवलं नाही, आईची शपथ. फूल चांदणीसारखं येतं सांगितलं, वास मेलेल्या उंदराचा येतो तेही सांगितलं. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते. त्या हसल्या आणि कुंडी आत घेतली.

“पाणी फार घालू नका,” मी म्हणाले. “आणि फूल उमललं की त्याच्याजवळ बोंबलाचं एक डोकं ठेवायचं. तुमच्या खालीच मिळेल, तिसऱ्या मजल्यावर. मागून आणा.”